नेमलेली सोबत

मरणाऱ्या माणसाजवळ बसणे ही करुणा की कर्तव्य, हा प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलासारखा वाटतो. जो बसला तो बसला. तो कोणत्या प्रेरणेने बसला याची चौकशी तत्त्वचिंतकांनी खुशाल करावी, अंथरुणावरच्या माणसाला तिच्याशी काय करावयाचे? परंतु प्रश्न किंचित फिरवून मांडला की त्याची धार जाणवू लागते. ज्याच्याजवळ बसावे असे कोणालाच आतून वाटत नाही, त्याच्याजवळ कोणी बसावे? जमिनीच्या तुकड्यावरून भावांशी जन्मभर अबोला धरलेला, व्यसनापायी घर मोडून बसलेला, तोंडाने फटकळ, किंवा यांपैकी काहीच नसून नुसताच निपुत्रिक आणि एकटा असा माणूसही शेवटी अंथरुणाला खिळतो. दीर्घ आजार तर सुस्वभावी माणसालाही चिडखोर आणि संशयी करून सोडतो. करुणा ही जर मनाची ऊर्मी असेल, तर ती अशा माणसाच्या उंबरठ्याशी येऊन माघारी फिरण्याचीच शक्यता अधिक.

तरीही करुणेविषयीची रूढ समजूत तिला ऊर्मीच मानते. दया उत्स्फूर्त असावी, नेमून दिली की तिची चाकरी होते, अशी ही धारणा आहे. इम्मान्युएल काण्टने 1785 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिमीमांसेत नेमकी उलट बाजू घेतली. ज्याला परोपकारात स्वभावतःच आनंद वाटतो त्याच्या कृतीला त्याने खरे नैतिक मूल्य दिले नाही; मनातली सारी सहानुभूती आटून गेल्यावरही केवळ कर्तव्य म्हणून जो मदत करतो, त्याच्या कृतीला दिले. या दोन भूमिका परस्परविरोधी दिसतात खऱ्या. पण एका बाबतीत त्या सख्ख्या आहेत. दोघींचीही दृष्टी देणाऱ्याच्या अंतःकरणावर खिळलेली आहे. अंथरुणावरून पाहिले असता प्रश्न वेगळाच दिसतो: उद्या कोणी येणार आहे की नाही?

विनयपिटकातील महावग्गात या दृष्टीने विचार करण्याजोगा एक प्रसंग आहे. अतिसाराने जर्जर झालेला एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडलेला बुद्धाला आढळला. त्याच्याकडे कोणीही पाहत नव्हते. कारण विचारले असता, हा भिक्षू इतरांच्या कधी उपयोगी पडला नाही, असे सांगण्यात आले. बुद्धाने आनंदाकरवी पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून शय्येवर निजविले. प्रसंगाचा एवढा भाग सर्वश्रुत आहे आणि तो हृद्यही आहे. परंतु त्याचा उत्तरार्ध नैतिक विचाराच्या दृष्टीने अधिक मोलाचा म्हणावा लागेल. बुद्धाने त्यानंतर संघाला एकत्र बोलावले आणि नियम घालून दिला. आजारी भिक्षूची शुश्रूषा त्याच्या उपाध्यायाने करावी. उपाध्याय नसल्यास आचार्याने, शिष्याने, सहनिवासी भिक्षूने. यांपैकी कोणीच नसल्यास ती संघाने करावी. न केल्यास तो दोष समजावा. याच ठिकाणी शुश्रूषा करण्यास कठीण असा रुग्ण कोणता, याचीही लक्षणे सांगितली आहेत: तो औषध घेत नाही, दुखणे खरे सांगत नाही, वेदना सोसत नाही. तथापि अशा रुग्णाला नियमातून वगळलेले नाही.

एका माणसाची करुणा येथे सर्वांचा नियम झाली. नियम झाल्याने ती उणावली काय? त्या एका दिवशी बुद्ध त्या वाटेने आला म्हणून त्या एका भिक्षूला पाणी मिळाले. नियम झाल्यावर, बुद्ध येवो न येवो, पाणी मिळण्याची तजवीज झाली. करुणेने स्वतःवरच अविश्वास दाखवून आपल्या जागी व्यवस्था नेमावी, यात करुणेचा ऱ्हास नसून तिचे प्रौढपण आहे.

आधुनिक काळात ही व्यवस्था प्रथम एका वास्तूच्या रूपाने अवतरली. सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका, मग रुग्णालयीन समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या विदुषीने 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसची स्थापना केली. मरणासन्न माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. तिच्यात मनाची, नात्यांची आणि जीवनाच्या अर्थाविषयीच्या प्रश्नांचीही वेदना मिसळलेली असते, हा ‘समग्र वेदने’चा विचार त्यांनी मांडला. भारतात 1986 साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झाले, ते या देशातील पहिले हॉस्पिस होय. बरा न होणारा रोगी हा वैद्यकाचा पराभव नसून वैद्यकाची जबाबदारी आहे, हे अशा वास्तूंनी प्रथम उच्चारून दाखविले. परंतु वास्तूला भिंती असतात आणि खाटा मोजक्या. दूरच्या खेड्यातला शेतमजूर तेथवर पोचणार कसा, आणि शेवटचे दिवस परक्या गावी का काढणार, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

या प्रश्नाचे एक उत्तर केरळात घडत गेले. कोळिकोड येथील वैद्यकीय महाविद्यालयात 1993 साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमन व उपशामक शुश्रूषेची एक संस्था सुरू केली. रुग्ण येत, औषधाने वेदना आटोक्यात येई, आणि ते घरी परत जात. घरी मात्र शय्याव्रण, उपासमार, शाळा सुटलेली मुले आणि एकटेपणा हे सारे तसेच असे. डॉक्टरांच्या हातातली मात्रा या गोष्टींवर चालत नव्हती. तेव्हा मलप्पुरम जिल्ह्यात, नव्या शतकाच्या उंबरठ्यावर, शेजाऱ्यांचीच एक व्यवस्था उभी राहिली. आठवड्यातून निदान दोन तास देऊ शकेल अशा कोणाही रहिवाशाला सोळा तासांचे तात्त्विक शिक्षण आणि चार दिवसांचा प्रत्यक्ष अनुभव देऊन स्वयंसेवक म्हणून तयार केले जाई. आपल्या परिसरातील रुग्ण शोधणे, त्यांच्याजवळ बसणे, निराधार कुटुंबाला धान्य पोचविणे, मुलांच्या शाळेची सोय पाहणे ही त्यांची कामे. डॉक्टर आणि परिचारिका त्यांच्या पाठीशी. पैसा मुख्यतः लहान लहान देणग्यांतून जमे. 2008 साली केरळ सरकारने उपशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले. असे धोरण स्वीकारणारे ते देशातील पहिले राज्य ठरले, आणि गृहभेटींचे काम ग्रामपंचायती व नगरपालिका यांच्याकडे आले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सोबत हा औषधाला पर्याय नव्हे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत तळमळणाऱ्या माणसाला सहानुभूतीची नव्हे, आधी मॉर्फिनची गरज असते. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने या औषधाभोवती परवान्यांचे असे जाळे विणले की वैद्यकीय उपयोगासाठीही ते दुर्मिळ झाले; 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती वाट काहीशी मोकळी करण्यात आली. वेदना टाळता येत असताना ती सोसण्याचा उपदेश करणारी सोबत ही सोबत नसून क्रौर्याचा एक सभ्य प्रकार आहे. मात्र वेदना शमल्यानंतर जी शांतता उरते, तिच्यात माणूस छताकडे पाहत पडलेला असतो. आणि तेथे औषधाचे काम संपून शेजाऱ्याचे सुरू होते.

मंगळवारी आणि शुक्रवारी ठरलेल्या वेळी येणारा शेजारी ही करुणा म्हणावी की कामगिरी, असा आक्षेप येथे पुन्हा डोके वर काढतो. मराठी समाजाला तरी या आक्षेपाचे उत्तर परके वाटू नये. गरीब विद्यार्थ्याने वार लावून जेवण्याची पद्धत या समाजात दीर्घकाळ होती. सोमवारच्या घरी त्या दिवशी भूतदयेचा उमाळा आलेला असेच असे नाही. परंतु सोमवारी ताट मांडले जाई. मर्तिकाच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा भाऊकीतून, शेजारपाजारातून पिठले-भाकरी येते. त्या अन्नाला ग्रामीण भागात ‘कडू घास’ म्हणतात. तो घास आणणाऱ्या प्रत्येकीचे डोळे भरून आलेले नसतात. कोणी रीत म्हणून आणते, कोणी लोक काय म्हणतील म्हणून. तरी घासाची भूक भागविण्याची शक्ती त्यामुळे कमी होत नाही. किंबहुना शोकाच्या घरात कोणाला कोणाबद्दल काय वाटते याची परीक्षा पाहण्याची वेळ येऊ नये, म्हणूनच समाजाने तो घास रीतीच्या हवाली केला.

तथापि या जुन्या रीतींना एक मोठा दोष होता आणि तो झाकून चालणार नाही. त्यांची हद्द भाऊकीची आणि जातीची होती. ज्या गावात एका आळीत कडू घास पोचत होता, त्याच गावात वेशीबाहेरच्या वस्तीतले मरण गावाच्या हिशेबी नव्हते. विधवेच्या शोकाला तर सांत्वनाऐवजी शिक्षाच जोडलेली होती. व्यवस्था होती, परंतु ती कोणासाठी हे जन्माने ठरत होते. मलप्पुरमच्या प्रयोगाचे नैतिक महत्त्व या ठिकाणी आहे. त्याने ‘नेमलेली सोबत’ हे जुने तत्त्व ठेवले आणि त्याची हद्द बदलली. हा आपला कोण लागतो, या प्रश्नाच्या जागी हा राहतो कुठे, हा प्रश्न आला. नाते रक्ताचे न राहता रस्त्याचे झाले. करुणा न्यायाच्या जवळ येते ती अशा वेळी: निवड करण्याचा आपला अधिकार ती सोडून देते तेव्हा.

मृत्यूनंतरच्या शोकालाही हेच लागू पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 सालच्या व्याख्येने उपशामक शुश्रूषेत रुग्णाच्या पश्चात कुटुंबाला द्यावयाच्या आधाराचाही समावेश केला आहे. परंपरेने शोकाला दिवस नेमून दिले: दहावा, बारावा, तेरावा. या दिवसांत घर माणसांनी भरलेले असते. रडण्याला जागा असते, करावयास काम असते. तेराव्याचे गोड जेवण होते, पाहुणे गाड्या पकडतात आणि चौदाव्या दिवशी घरातली एक खाट रिकामी आहे हे प्रथमच ध्यानात येते. शोक त्या दिवशी संपत नाही. पुष्कळदा तो त्या दिवशी सुरू होतो. आधुनिक रोगवर्गीकरणानेही दीर्घकाळ रेंगाळून जगणे अशक्य करणाऱ्या शोकाची नोंद घेताना निदान सहा महिन्यांचा अवधी धरला आहे. तेरा दिवस आणि सहा महिने यांच्या मधल्या काळात समाजाच्या वहीत कोणाचेही नाव लिहिलेले नसते.

किसा गौतमीची कथा या संदर्भात वेगळ्या रीतीने वाचता येते. मृत बालकाला उराशी धरून औषध मागणाऱ्या त्या मातेला बुद्धाने, ज्या घरात कधी कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले. मृत्यू कोणालाच चुकलेला नाही, हा या कथेचा रूढ बोध. परंतु तेवढे वाक्य सांगूनही काम भागले असते. बुद्धाने वाक्य न सांगता तिला दारोदार पाठविले. प्रत्येक दाराशी कोणीतरी तिच्यासमोर उभे राहिले आणि आपल्या घरातल्या मृत्यूविषयी बोलले. तिला सावरले ते सिद्धान्ताने की त्या दारांनी, हा प्रश्न कथेने मोकळा ठेवला आहे. आजच्या शोकाकुल माणसाला मात्र दारोदार जाण्याची ताकद नसते. म्हणून दारांनीच त्याच्याकडे चालत यावे लागते. आजारपणात जो शेजारी येत होता, त्याचे या वेळी विशेष मोल असते. समाचाराला आलेले पाहुणे ‘कसे झाले?’ असे विचारतात आणि विधवेला तीच हकीकत वीस वेळा सांगावी लागते. त्या शेजाऱ्याला ती सांगावी लागत नाही, कारण त्याने ती पाहिलेली असते. शोकाला उपदेशकापेक्षा साक्षीदार अधिक हवा असतो.

नेमलेल्या सोबतीचे धोकेही लहान नाहीत. शेजाऱ्याचा डोळा हा आधार असतो तसा पहाराही असतो. दुखणे गावभर होऊ नये असे वाटणाऱ्या रुग्णाला आपले दार लावून घेण्याचा हक्क असलाच पाहिजे. शुश्रूषेचा भार घराघरांत बायकांवर पडतो, आणि ‘समाजाने सांभाळावे’ या घोषणेचा अर्थ व्यवहारात ‘बायकांनी सांभाळावे’ असा होण्यास वेळ लागत नाही. शेजारधर्माचे कौतुक करीत शासनाने आपले हात झटकावेत, हाही धोका आहेच. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि निरर्थक उपचार नाकारण्याची पूर्वसूचना लिहून ठेवण्याची मुभा दिली. 2023 साली तिची पद्धत सुलभ केली. परंतु यंत्र नाकारण्याचा हक्क कागदावर लिहून देता येतो. यंत्र काढल्यानंतर हात हातात घेणारा माणूस कोणत्याही कागदावर मागता येत नाही. हा हक्क कोणाविरुद्ध बजावावयाचा? त्याचा प्रतिवादी कोणी एक नसतो; तो आळीतील प्रत्येक जण असतो.

म्हणून करुणा की कर्तव्य, हा आरंभीचा प्रश्न शेवटी सुटत नाही; त्याचे स्थान बदलते. ठरलेल्या वारी, काहीशा नाराजीनेच, पावसात छत्री घेऊन निघालेला स्वयंसेवक दाराशी पोचतो तेव्हा त्याच्या मनात काय आहे हे त्यालाही सांगता येणार नाही. कधी तेथे बसल्यावर ममत्व उपजते, कधी उपजत नाही. अंथरुणावरचा माणूस त्या दिवशी चिडलेला असेल, पाठ फिरवून निजला असेल. शेजारी तासभर बसतो, तांब्यात पाणी भरून ठेवतो, उशी सारखी करतो आणि शुक्रवारी येईन असे सांगून जातो. त्या माणसाला शुक्रवारपर्यंत पुरेल असे काहीतरी त्या वाक्यात असते. आणि शुक्रवार उजाडण्याआधीच तो गेला, तरी ठरलेल्या शुक्रवारी त्या घरी जावयाचे आहेच, कारण घरात त्याची बायको आहे.