कोणत्या कष्टाचा कंटाळा येत नाही?

कुंडलिका सह्याद्रीतून उतरते, रोह्यावरून वाहत येते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. याच नदीकाठच्या रोह्यात लहानपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजला जाऊन त्यांनी शिक्षण घेतलं ते मात्र वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचं, आणि वनस्पतिशास्त्राचं पारितोषिकही पटकावलं. १९१८ च्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री होते. या सगळ्या काळात संस्कृत सुटलं नाही आणि झाडंही सुटली नाहीत. त्यांनी ‘मेघदूत’ मराठीत आणलं, स्वतः संस्कृतात कविता लिहिल्या आणि बाग हा त्यांचा आयुष्यभराचा छंद राहिला.

असा निकाल आज रेवदंड्यातल्या एखाद्या घरी लागला, आणि मुलगा म्हणाला की मला वनस्पतिशास्त्र शिकायचंय, तर घर सुन्न होईल. एवढे गुण पडलेत, ते वाया का घालवायचे, असं शेजारीपाजारीही विचारतील. या प्रश्नामागे एक पक्की उतरंड आहे. सर्वांत वर वैद्यकीय, मग अभियांत्रिकी, मग इतर विज्ञान, त्याखाली वाणिज्य, तळाला कला. जे अवघड ते श्रेष्ठ, आणि ज्याला प्रवेश मिळणं अवघड तेच अवघड, अशी ही समजूत आहे. ती चुकीची आहे आणि दरवर्षी कितीतरी मुलांची उमेदीची वर्षं तिच्यापायी खर्ची पडतात, म्हणून तिच्याबद्दल शांतपणे बोलायला हवं.

प्रवेशाची टक्केवारी गर्दी मोजते. जागा किती आणि मागणारे किती, एवढंच तिला कळतं. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं तेव्हा जिल्ह्यात डॉक्टरकीच्या जागा वाढल्या, पण त्यामुळे शरीररचनाशास्त्र तसूभरही सोपं झालं नाही. उलट ज्या शाखेत सहज प्रवेश मिळतो, तिथला अभ्यास सोपा असतो असंही नाही. प्रवेशाची अडचण, अभ्यासाची अडचण आणि पुढे त्या कामात रोज येणारी अडचण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिली मोजतो, दुसरीचा अंदाज बांधतो, आणि चाळीस वर्षं जिच्यासोबत राहायचं त्या तिसरीबद्दल विचारतही नाही.

रेवदंड्यात ही तिसरी अडचण डोळ्यांनी पाहता येते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं आणि रेवदंडा, चौल, नागाव पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नारळाचं नवं रोप लावलं की पहिलं फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, भरघोस उत्पन्न त्याहून पुढे. वाडी करणाऱ्याला आळी काढायची असतात, शिंपणं सांभाळायचं असतं, गेंड्या भुंग्यावर नजर ठेवायची असते, नारळ काढायला पाडेली मिळवायचा असतो. यातलं एकेक काम कुणालाही शिकता येईल. फळ दिसत नसताना सहा वर्षं तीच निगा राखणं ही खरी अवघड गोष्ट. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात चार वर्षं शिकून आलेल्या मुलालाही हे वाट पाहणं चुकत नाही. ज्याला रोज नवं काही घडायला लागतं, तो इथे मनाने आजारी पडेल. ज्याला वाढणाऱ्या झाडाकडे बघून समाधान वाटतं, त्याला हे काम कष्टाचं वाटेल, पण ओझं वाटणार नाही.

बंदरावर अडचण निराळी. तांडेलाला उधाण-भांगाचं गणित तोंडपाठ असावं लागतं, वारा आणि पाण्याचा रंग ओळखावा लागतो, आणि जाळं कधी टाकायचं याचा निर्णय त्या क्षणी घ्यावा लागतो. निर्णय चुकला तर डिझेल, बर्फ आणि खलाशांची मजुरी अंगावर येते. किनाऱ्यावर मासळीचे वाटे लावणारी कोळीण गिऱ्हाइकाचा चेहरा, उन्हाची वेळ आणि टोपलीत उरलेला माल असा एकत्र हिशेब करून भाव सांगते. हे अनिश्चिततेतलं शहाणपण आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्यशास्त्राचं महाविद्यालय आहे, पदवी चार वर्षांची. तिथे पाण्याचं रसायन, माशांचे रोग आणि मत्स्यबीजाचं शास्त्र शिकवतात. ते अवघड आहेच, पण त्या अडचणीला पुस्तकात उत्तर असतं. समुद्रावरच्या अडचणीला पुष्कळदा नसतं. एकाच माशाभोवतीची ही दोन कामं दोन वेगळे स्वभाव मागतात.

रेवदंड्याच्या खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव. तिथला कारखाना उभा राहिला तो नैसर्गिक वायूच्या साहाय्याने स्पंज आयर्न बनवण्यासाठी. या पद्धतीत लोहखनिज वितळवत नाहीत. तप्त वायूने त्यातला प्राणवायू काढून घेतात. रसायन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला यातली समीकरणं वर्गात छळतात. प्रत्यक्ष नोकरीत मात्र पाळी येते, रात्रीचे तीन वाजतात, तापमानाचा काटा थोडा हलतो आणि काही करायचं की थांबायचं हे ठरवावं लागतं. म्हणून गणितात हुशार असलेला प्रत्येक जण अभियंता म्हणून सुखी होईलच असं नाही. यंत्राच्या आवाजातला बारीक फरक ऐकून ज्याचं कुतूहल जागं होतं, तो होतो. आयटीआय करून आलेला फिटर अनेकदा असा असतो, आणि त्याला मिळणारा मान त्याच्या कौशल्याच्या मानाने फार कमी आहे.

वैद्यकीय शिक्षणात साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता. आत येण्यासाठी ७२० गुणांची ‘नीट’. अभ्यासातली अडचण मुख्यतः स्मरणाची आणि दमाची असते. दवाखाना उघडल्यावर ती जबाबदारीची होते. संध्याकाळी रुग्णांची रांग, तोच ताप, तोच खोकला, आणि त्या शंभरात एखादाच खरा धोक्याचा, तोही निसटू द्यायचा नाही. माणसांचा कंटाळा येणाऱ्या हुशार मुलाला या व्यवसायात ढकलणं हा त्याच्यावर आणि त्याच्या रुग्णांवर, दोघांवर अन्याय आहे. चार्टर्ड अकाउंटंटच्या वाटेवर अडचण असते अपयश पचवून पुन्हा बसण्याची. अंतिम परीक्षा पहिल्या खेपेला न सुटणं तिथे नेहमीचं आहे. कला शाखेत प्रवेश सोपा, वाट मात्र आखून दिलेली नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला रेवदंड्याच्या आगरकोट किल्ल्याच्या पडक्या तटबंदीतून पोर्तुगीज, निजामशाही आणि मराठ्यांचा काळ वाचायचा असेल, तर मोडी शिकावी लागते, पोर्तुगीज शिकावी लागते, आणि पुढे पोटापाण्याचा मार्ग स्वतः पाडावा लागतो. ज्या शाखेला आपण सोपी म्हणतो, तिच्यात स्वतःला शिस्त लावण्याचा भार सर्वांत जास्त आहे.

शुद्ध विज्ञानातलं एक उदाहरण अलिबागचं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे ओळखून नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा सुरू केली. जुन्या-नव्या नोंदींचा सांधा नीट जुळावा म्हणून काही काळ दोन्ही ठिकाणी जोडीने मोजमाप चाललं. तेव्हापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत आली आहे. एका दिवसाची नोंद पाहिली तर त्यात थरार काहीच नाही. शंभर वर्षांच्या नोंदी एकत्र ठेवल्या की सूर्यावरची वादळं आणि पृथ्वीच्या पोटातली हालचाल त्यांतून वाचता येते. विज्ञानातला मोठा आनंद असा उशिरा येतो आणि पुष्कळदा आपल्यामागून येणाऱ्याच्या वाट्याला जातो. ज्याला तेवढ्यानेही भरून पावतं, तो भौतिकशास्त्राचा खरा विद्यार्थी.

मग आनंद येतो कुठून? मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी यावर आयुष्य घालवलं. कौशल्य आणि आव्हान एकमेकांना तोलून धरतात तेव्हा माणूस कामात हरवतो, हा त्यांचा निष्कर्ष. आव्हान कमी पडलं तर कंटाळा, जास्त झालं तर धास्ती. १९८९ मध्ये त्यांनी आणि जुडिथ लेफेव्हर यांनी नोकरदारांना पेजर देऊन दिवसातून अनेकदा त्यांची मनःस्थिती नोंदवायला लावली. अशी तल्लीनता फुरसतीपेक्षा कामावर जास्त वेळा आढळली. तरीही कामावर असताना हीच माणसं आपण दुसरीकडे असतो तर बरं, असं सांगत होती. म्हणजे अडचण आनंदाची वैरी नाही. पेलेल एवढी अडचण हाच आनंदाचा उगम आहे. एमी झेस्नेव्स्की यांच्या १९९७ च्या अभ्यासात एकाच प्रकारचं कार्यालयीन काम करणाऱ्यांपैकी काहींना ते निव्वळ पगाराचं साधन वाटत होतं, काहींना बढतीची पायरी, तर काहींना आपलं जीवितकार्य. पदनाम सगळ्यांचं एकच होतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खरा आहे. आवडीने चूल पेटत नाही. ज्या घरात कर्ज आहे, धाकटी भावंडं आहेत, त्या घराला पगाराचा विचार आधी करावाच लागतो, आणि तसा विचार करणाऱ्या आईवडिलांना दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. मुलीच्या बाबतीत तर कॉलेजची एसटी किती वाजता परतते, यावरही शाखा ठरते. पण पैशाच्या हिशेबातही एक खर्च आपण धरत नाही. नावडत्या शाखेत मुलगा अडखळतो, वर्षं वाढतात, पदवी मिळूनही हात त्या कामात बसत नाही, आणि जिथे कौशल्य वाढत नाही तिथे पगारही फार काळ वाढत नाही. गरीब घराला हा खर्च सर्वांत कमी परवडतो.

आणखी एका गोष्टीकडे रेवदंड्याचा इतिहास लक्ष वेधतो. इथे बेने इस्रायली समाज पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवत होता. शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. इंग्रजी अमदानीत ही माणसं पलटणीत गेली, मुंबईत कारकून, शिक्षक, डॉक्टर झाली. रेवदंड्यातलं त्यांचं सिनेगॉग आजही उभं आहे. जन्माने ठरलेला धंदा सोडता येणं ही फार मोठी सुटका होती, आणि जातीने कामाला जखडलेल्या प्रत्येकाला ती मिळायलाच हवी. मात्र त्या जुन्या, अन्यायी व्यवस्थेत पोराला एक गोष्ट आपोआप मिळत होती. काम कसं चालतं हे ते लहानपणापासून जवळून पाहत होतं. आजच्या मुलाला निवडीचं स्वातंत्र्य मिळालं, पण ज्यातून निवडायचं ते काम त्याच्या नजरेआड गेलं. तो डॉक्टरची गाडी पाहतो, त्याची रात्रपाळी पाहत नाही. संगणक अभियंत्याचा पगार ऐकतो, दर काही वर्षांनी नव्याने शिकण्याचा त्याचा ताण ऐकत नाही.

ही उणीव भरून काढता येते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद सुचवली आहे. त्यात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांबरोबर काम करावं अशी कल्पना आहे. रेवदंड्याच्या शाळांना त्यासाठी दूर जायला नको. वाडी आहे, बंदर आहे, साळावचा कारखाना आहे, दवाखाने आहेत, बँक आहे, अलिबागला न्यायालय आणि वेधशाळा आहे. हेच दिवस दहावीनंतरच्या सुट्टीत पुन्हा मिळावेत, म्हणजे शाखेचा अर्ज भरण्याआधी मुलाने निदान तीन व्यवसायांतला एकेक साधा, कंटाळवाणा दिवस पुरता पाहिलेला असेल. मोठ्यांनीही त्या वेळी आपल्या कामातलं नकोसं काय आणि हवंसं काय, हे मुलांना खरंखरं सांगावं.

कोणती शाखा सर्वांत अवघड आणि कोणती सर्वांत आनंदाची, याची एकच यादी करता येणार नाही, कारण अडचणींच्या जाती अनेक आहेत आणि माणसांचे स्वभावही. वाट पाहण्याची अडचण, अनिश्चिततेची, स्मरणाची, जबाबदारीची, एकटेपणाची, पुन्हा पुन्हा हरण्याची, यांपैकी कोणती तुला झेपते आणि कोणती झेलताना तुझा उत्साह टिकतो, हे मुलाला विचारायला हवं. त्याला लगेच उत्तर देता येणार नाही. त्यासाठी त्याला काम पाहू द्यावं, करू द्यावं, आणि एकदा ठरवलेलं बदलण्याची मुभा द्यावी. पहिल्या वर्षी शाखा बदलणाऱ्या मुलाचं वर्ष वाया गेलं असं आपण म्हणतो. त्या वर्षात तो स्वतःबद्दल जे शिकला, ते पुढची चाळीस वर्षं त्याच्या कामी येणार असतं.