चित्रात कोण आणि शिलालेखात कोण

कलाप्रवाह आणि स्त्रीची सामाजिक भूमिका, असा विषय एखाद्या विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी घेतला की तिची वाट बहुतेक आधीच आखलेली असते. युरोपच्या प्रबोधनकाळातली माता, दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या बागेत बसलेल्या बायका, पिकासोने मोडून पुन्हा जोडलेले चेहरे. इकडे आले की अजिंठ्याच्या राण्या, रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती, धुरंधरांच्या नऊवारीतल्या स्त्रिया आणि शेवटी मुंबईतले प्रोग्रेसिव्ह. प्रत्येक टप्प्याला एक चित्र आणि चित्राखाली एक निष्कर्ष: इथे स्त्री देवी होती, इथे माता, इथे भोगवस्तू, आणि आता ती ‘स्वतः’ आहे. या मांडणीत खोटे काही नाही. पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्नच मला अपुरा वाटतो. स्त्री चित्रात कशी दिसते याआधी विचारायला हवे ते हे, की त्या समाजात तिला स्वतःच्या नावाने एखादे कृत्य करता येत होते का. आणि केले, तर त्याचे फळ तिचे मानले जात होते का. आपल्याकडे शतकानुशतके कलेचा सर्वात मोठा आश्रयदाता धर्म होता, म्हणून हा प्रश्न आधी धर्मविचाराचा आहे आणि मग कलेचा. महाडहून रायगडाकडे जाताना लागणाऱ्या नाते गावातल्या मुलीला त्याचा पुरावा शोधायला पॅरिसला जावे लागणार नाही. गांधारपाल्याची आणि कोलची लेणी महाडला खेटून आहेत, कुड्याची लेणी याच रायगड जिल्ह्यात तळा तालुक्यात आहेत, आणि या प्रश्नाचा आधुनिक काळातला सर्वात उघड झगडा झाला तो खुद्द महाडात.

कुड्यापासून सुरुवात करू, कारण तिथला पुरावा भरघोस आहे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली ही बौद्ध लेणी. त्यांतले सहावे लेणे शिवम नावाच्या लेखकाचे. लेखक म्हणजे त्या काळचा दरबारी कारकून. हा महाभोज या स्थानिक सत्ताधीशांच्या पदरी होता. या लेण्याच्या भिंतीवर दागिन्यांनी मढलेली, कमनीय बांध्याची स्त्री-पुरुष युगुले कोरलेली आहेत. कलेतिहासाचे पुस्तक याच युगुलांपाशी थांबते: केशरचना, कंबरपट्टा, उभे राहण्याची ढब, आणि त्यावरून त्या काळच्या स्त्रीविषयी अनुमान. पण त्याच लेण्यातल्या लेखात शिवमाबरोबर त्याची पत्नी विजया नावानिशी येते, मुलगे येतात, आणि खांबांचे दान त्याच्या मुलींच्या नावावर टाकलेले दिसते. म्हणजे एकाच छताखाली स्त्री दोनदा आहे, एकदा मूर्ती म्हणून आणि एकदा दात्री म्हणून. कुड्याचेच एक चैत्यगृह भयिला नावाच्या बाईचे आहे. अयितिलु या ब्राह्मण उपासकाची ती पत्नी, आणि लेख तिला ब्राह्मणी असे स्पष्ट म्हणतो. आणखी एक लेणे व पाण्याची पोढी, म्हणजे टाके, पदुमनिका या भिक्षुणीने दिली. तिची आई नागनिका हीही भिक्षुणी, आणि बोधी व असाळ्हमिता या शिष्यांची नावेही दानात आहेत. महाडजवळ कोलला धम्मसिरी नावाच्या बाईने लेणे दिल्याचा छोटासा लेख आहे. गांधारपाल्याचा ठळक लेख मात्र काणभोज विष्णुपालित या कुमाराचा, म्हणजे पुरुषाचा आहे. तेव्हा सगळीकडे बायकांचेच राज्य होते असा भाबडा निष्कर्ष काढायला नको. एवढेच म्हणता येते, की या डोंगरांत दगड कोरून घेणाऱ्यांत स्त्रिया नावानिशी होत्या, आणि त्यांचे तिथे असणे कोणाला खुलासा देण्यासारखे वाटले नाही.

हे शक्य झाले त्यामागे एक तत्त्वविचार आहे. बौद्ध शिकवणीत प्रत्येक जीव आपापल्या कर्माचा वारस आहे. दानाचे पुण्य दुसऱ्याच्या कल्याणासाठी अर्पण करता येते, आईवडिलांच्या नावे केलेली दाने ठिकठिकाणी आहेतच. पण ते अर्पण करण्याआधी कोणीतरी ते करावे लागते, आणि करणाऱ्याची चेतना हेच कर्म. चेतनेला लिंग नाही. मग बाईने दिलेल्या खांबाचे पुण्य नवऱ्याच्या खात्यात आपोआप जमा होण्याचे कारण उरत नाही. साधारण याच शतकांत घडत गेलेल्या मनुस्मृतीची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. पाचव्या अध्यायात स्त्रीला पतीवेगळा यज्ञ नाही, व्रत नाही, उपवास नाही असे सांगितले आहे. स्वर्ग मिळेल तो पतिसेवेने. या वचनांवर चर्चा होते ती बहुधा स्त्रीला बाहेर फिरू द्यावे की नाही या अंगाने. मला त्यातला गाभा दुसरा वाटतो. मनू इथे स्त्रीचे कर्तेपणच काढून घेतो: ती करते, पण तिच्या करण्याला स्वतंत्र धार्मिक अस्तित्व नाही. भयिला ब्राह्मणी आणि मनूचे हे वचन एकाच संस्कृतीच्या पोटात नांदत होते, हे लक्षात घेतले की प्राचीन भारतीय स्त्री अशी एकसंध वस्तू नव्हती हे कळते. तिथे वाद चालू होता, आणि तो लेण्यांच्या भिंतीवरही चालू होता.

इथे धर्मशास्त्राचा जाणकार मला अडवेल, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, मनूनेच स्त्रीधन मान्य केले आहे; आणि शास्त्रात इष्ट व पूर्त असे दोन भाग आहेत. वैदिक यज्ञ हे इष्ट. विहीर, तळे, देऊळ, धर्मशाळा हे पूर्त, आणि पूर्ताचा अधिकार स्त्रियांना व शूद्रांनाही आहे. महामहोपाध्याय काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे नीट मांडले आहे. शिवाय अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जे बांधले ते कोणाच्या नावाने ओळखले जाते? आक्षेप खरा आहे आणि माझे म्हणणे तो बळकटच करतो. ज्या दारातून शास्त्राने स्त्रीला आत घेतले, त्या दारापाशी तिचे नाव लागले. जे दार बंद ठेवले, तिथे ती मूर्ती, सहधर्मचारिणी किंवा उपमा होऊन राहिली. यज्ञात यजमानाशेजारी पत्नी लागते, पण यजमान तीच आहे असे होत नाही. शिवाय पूर्ताला पैसा लागतो. अहिल्याबाईंच्या हाती दौलत होती. सामान्य घरातल्या बाईच्या हातात किती असे, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते: नवऱ्याच्या मागे मिळालेल्या मालमत्तेवर हिंदू विधवेचा हक्क दीर्घकाळ मर्यादित होता, आणि तो पूर्ण मालकीचा झाला तो 1956च्या हिंदू वारसा कायद्याने. रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी तोवर निदान दोन पिढ्या घरोघरच्या भिंतींवर विराजमान होती. धनाची देवता स्त्रीरूपात पुजणाऱ्या घरात स्त्रीला धनावर पुरता हक्क नसावा, यात त्या घराला विसंगती वाटली नाही. प्रतिमेवरून भूमिका वाचू पाहणाऱ्याने हे उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. लेखातली विजया शिवमाची पत्नी म्हणून येते, धम्मसिरी शिवदत्ताची, भयिला अयितिलूची. भिक्षुणी पदुमनिकासुद्धा आईबरोबरच दोन स्थविरांची भाची म्हणून ओळख सांगते. मग हे स्वतःचे नाव कसले? त्यात भिक्षुणीसंघावर आठ गुरुधर्मांचे ओझे होते. दीक्षा घेऊन शंभर वर्षे झालेल्या भिक्षुणीनेही आज दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करायचे, हा त्यांतला पहिला. हे सगळे मान्य. बौद्ध संघ समतेचा बालेकिल्ला होता असे म्हणणे हा आपला आजचा हट्ट आहे. पण नात्याने ओळख सांगणे आणि नात्यात विरून जाणे यांत अंतर आहे. त्या काळी पुरुषही आपली ओळख अमक्याचा मुलगा, तमक्याचा धाकटा भाऊ अशीच सांगत; शिवम स्वतः शिवभूतीचा धाकटा भाऊ म्हणून उभा आहे. जनाबाईने अभंगांवर मुद्रा उमटवली तीही नामदेवाची दासी म्हणूनच, आणि तरी ते अभंग नामदेवाचे ठरले नाहीत. अगदी जवळचे सांगायचे तर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म 1896 साली याच नाते गावातला, आणि त्यांच्यामुळे दुर्गाबाईंचा परिचय या भागात ‘देशमुखांच्या पत्नी’ असा करून देणे साहजिक आहे. संविधान सभेतले दुर्गाबाईंचे काम किंवा 1958च्या राष्ट्रीय स्त्रीशिक्षण समितीचे अध्यक्षपद त्याने पुसले जात नाही. नाते सांगितल्यावरही क्रियापदाचा कर्ता कोण, हे पाहायचे असते.

तिसरा आक्षेप कलेचे विद्यार्थी घेतील: दान देणे म्हणजे कला करणे नव्हे, छिन्नी तर पुरुषांच्याच हातात होती. होती, बहुधा. पण त्या छिन्नीवाल्यांचीही नावे आपल्याला क्वचितच माहीत आहेत. रायगड जिल्ह्यातल्याच कोंडाण्याला कान्हाचा शिष्य बलक याने आपण हे केले असे कोरून ठेवले, म्हणूनच तो अपवाद म्हणून लक्षात राहतो. त्या जगात कृती ज्याच्या संकल्पाने घडते त्याची मानली जाई. कलावंताची सही ही नंतरची गोष्ट, आणि ती आली तेव्हा स्त्रियांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. वारली लग्नातला चौक पिढ्यान्‌पिढ्या सुवासिनी लिहीत आल्या. तो धर्मविधी होता, त्याखाली नाव नव्हते. तीच चित्रे 1970च्या दशकात कागदावर आली, कला म्हणून विकली जाऊ लागली, तेव्हा जगाने ओळखले ते नाव जिव्या सोमा म्हशे यांचे. त्यांच्या प्रतिभेविषयी शंका नाही. कागदावर त्यांनी जे केले ते चौकात नव्हतेच. तरी विधीची कला झाली त्या क्षणी करणाऱ्या बायका पार्श्वभूमीत गेल्या, आणि हे कोणी कट करून केलेले नाही. 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणारे सहाही जण पुरुष होते. कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये, पुढे ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथैया, त्यांच्या प्रदर्शनात दिसतात त्या 1953 साली. पॅरिसच्या एकोल दे बोझारने मुलींना प्रवेश दिला 1897 साली; तोवर त्याच शहरातली संग्रहालये स्त्रीदेहाच्या चित्रांनी भरली होती आणि दृक्‌प्रत्ययवादही होऊन गेला होता. बंडखोर कलाप्रवाह आपोआप स्त्रीच्या बाजूचे असतात, ही समजूत या तारखांपुढे टिकत नाही.

मग प्रतिमेला काहीच किंमत नाही का? इथे मला माझाच मुद्दा थोडा आवरता घ्यावा लागतो. नाते गावाहून पुढे पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. कॅलेंडरवरच्या जिजाऊ बाळ शिवाजीला मांडीशी घेऊन गोष्टी सांगतात. पुणे जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या, निवाडे करणाऱ्या जिजाऊ त्या चित्रात मावत नाहीत. प्रतिमा जे दाखवते त्याहून जे झाकते त्याने अधिक काम करते. आणि याचे सर्वात नेमके भान महाडात दिसले. 25 डिसेंबर 1927 रोजी इथल्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे. त्याच परिषदेच्या दिवसांत आंबेडकरांनी अस्पृश्य गणलेल्या स्त्रियांची वेगळी सभा घेतली आणि त्यांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडायला, जातीची खूण बनलेले जड दागिने टाकायला सांगितले. कोणी म्हणेल, हाही एका पुरुषाने बायकांना पेहरावाचा केलेला उपदेशच. तसे म्हणता येईल. पण त्या स्त्रियांनी तो लगेच अमलात आणला, इतरांकडून नवी नेसण शिकून घेतली, आणि अंगावर लादलेले चित्र स्वतःच्या हाताने उतरवले. इथे लेण्यांवरून काढलेली माझी कसोटी तोकडी पडते. दान द्यायला आधी जवळ काही असावे लागते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणीही जिला घेता येत नव्हते, ती बाई पोढी कोठून देणार आणि खांब कोठून कोरवून घेणार? तिच्यापाशी करण्यासारखे एकच कृत्य होते, नाकारण्याचे, आणि ते तिने केले. कलेतिहासाच्या कोणत्या प्रकरणात ते बसवायचे हे ठरलेले नाही. दागिन्यांचा अभ्यास करणारी पुस्तके जपून ठेवलेले दागिने दाखवतात, टाकून दिलेले नाही.