जाळ का मंदावला?

चि. मृण्मयीस,


तू पाठवलेल्या आलेखाची मी छापील प्रत काढून घेतली, कारण पडद्यावर माझे डोळे फार वेळ टिकत नाहीत, आणि सकाळच्या चहाबरोबर तो रोज थोडा थोडा वाचला. रक्तातला एचआयव्ही पहिल्या काही आठवड्यांत सरसर चढतो, सीडी-४ पेशी, म्हणजे तो ज्यांत वाढतो त्या पेशी, कोसळतात, मग विषाणू आपोआप खाली येऊन एका पातळीवर रेंगाळतो आणि पेशी थोड्या सावरतात. तुझी रेघ ठिपक्यांमधून फार सुरेख गेली आहे गं. खाली तू लिहिलंस की प्रतिकारशक्तीनेच विषाणू खाली आणला, हे मॉडेलवरून सिद्ध झालं. तुझ्या कष्टांची आणि प्रामाणिकपणाची मला कधी काळजी नव्हती, पुढेही नसेल. त्या एका वाक्याची तेवढी घाई झाली असं वाटलं, म्हणून हे पत्र.

तुझ्याच लंडनमधली गोष्ट सांगते. हॅम्पस्टेडच्या रॉयल फ्रीमध्ये अँड्र्यू फिलिप्स नावाचे संशोधक होते. त्यांचा दोन-तीन पानांचा लेख जानेवारी १९९६ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. त्याआधी लोकांना दिसलं होतं की विषाणू उतरू लागतो त्याच सुमारास सीडी-८ पेशी, म्हणजे लागण झालेल्या पेशींना मारणाऱ्या पेशी, रक्तात जोमाने वाढतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसल्या, त्यामुळे श्रेय सीडी-८ ला देऊन सगळे मोकळे झाले होते. फिलिप्स यांनी चारच समीकरणं मांडली: लागण होऊ शकेल अशा निरोगी पेशी, विषाणू आत घेऊन गप्प बसलेल्या पेशी, विषाणू तयार करणाऱ्या पेशी आणि स्वतः विषाणू. प्रतिकारशक्ती वाढते असं त्यांत कुठेच घातलं नव्हतं. तरीही हिशेबातला विषाणू चढला, शिखराला पोचला, उतरला आणि स्थिरावला. का, तर वाढायला लागणाऱ्या पेशी त्यानेच संपवत आणल्या होत्या.

चुलीतला जाळ मंदावला, तर कुणी पाणी ओतलं असेल किंवा लाकडं सरली असतील. अंगणातून नुसता धूर पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. तुझे ठिपके म्हणजे तो धूर आहे, बाळा. रेघ चांगली बसली म्हणून कारण हाती लागलं असं होत नाही, कारण दुसऱ्या कारणाची रेघही तितकीच चांगली बसू शकते.

आता तू म्हणशील, मग फिलिप्सच बरोबर का? तेही इतक्या लवकर नको म्हणू. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी माकडांच्या शरीरातून सीडी-८ पेशी काही काळ काढून टाकल्या. ज्यांना नुकतीच लागण झाली होती त्यांच्यात विषाणू खाली येईना, जुन्या लागणीत तो पुन्हा उसळला, आणि पेशी परतल्यावरच आवरला. म्हणजे पाणीही पडत होतं आणि लाकडंही सरत होती. पुढे २००४-०५ च्या सुमारास कळलं की पहिल्या काही आठवड्यांतला सीडी-४ पेशींचा सर्वांत मोठा संहार आतड्याच्या अस्तरात होतो. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी रक्तात असतात जेमतेम दोन टक्के, आणि आपण सगळे इतकी वर्षं त्या दोन टक्क्यांकडे बघून पेशी किती गेल्या ते ठरवत होतो. मला या संशोधकांबद्दल फार आदर वाटतो. त्यांनी उत्तर अपुरं असताना पुरं असल्याचं सोंग केलं नाही.

काटकसर तुला मुद्दाम शिकवायला नको, पण समीकरणांतही ती ठेव. चार आकड्यांत भागत असेल तर सातवा, आठवा घालू नये; प्रत्येक नवा आकडा रेघ वाकवायला मदत करतो आणि तेवढाच भरवसा कमी करतो. आणि ठिपके तर तुझ्याकडे किती थोडे आहेत! लागणीनंतर सुमारे दहा दिवस विषाणू रक्तात सापडतच नाही, माणूस दवाखान्यात येतो ते ताप आल्यावर, तोवर शिखर जवळ आलेलं असतं किंवा मागे पडलेलं. (पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांतून असे अगदी ताजे रुग्ण शोधण्याचं काम नव्वदच्या दशकात झालं, प्रतिपिंडं दिसायच्या आधी विषाणूचं पी-२४ हे प्रथिन तपासून; ते किती चिकाटीचं काम होतं याचा कधीतरी विचार कर.) दोन नमुन्यांच्या मधे शिखर हरवलं तर त्याची उंची तुझं मॉडेल मनानेच ठरवतं.

लवकर उठायची सवय मोडू नकोस, हे मी फक्त तब्येतीसाठी म्हणत नाही. सीडी-४ ची संख्या सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते. ज्याचं रक्त एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी घेतलं, त्याच्या पेशी काही न घडताही वाढलेल्या दिसतील. मी प्रयोगशाळेत नोकरीला होते तेव्हा जांभळ्या झाकणाच्या नळीवर वेळ लिहिलेली नसली की जीव कासावीस व्हायचा. क्लिनिक उघडताना तू स्वतः तिथे हजर राहा, नर्सशी बोल, प्रत्येक नमुन्याची वेळ विचारून घे. संगणकासमोर बसून हे कळत नाही.

एवढं का सांगते, तर अशा आलेखांवर माणसांचे उपचार ठरत आले आहेत. इम्पीरियल कॉलेजच्या पुढाकाराने झालेल्या स्पार्टॅक चाचणीत नुकती लागण झालेल्यांना ४८ आठवडे औषधं देऊन थांबवली. पेशींची घसरण लांबली, पण औषध जितका काळ घेतलं त्याहून फारशी जास्त नाही. हे २०१३ मध्ये छापून आलं. नंतर २०१५ मध्ये स्टार्ट चाचणीने दाखवलं की पेशी खालावायची वाट न पाहता औषध सुरू करावं आणि चालू ठेवावं. सुरुवातीच्या लाभाबद्दल कुणी घाईने मोठं विधान केलं असतं, तर कित्येकांनी औषध अर्धवट सोडलं असतं.

तर आता एक कर. तुझ्या मॉडेलमधून प्रतिकारशक्तीचा भाग काढून तेच ठिपके पुन्हा बसव, आणि दोन्ही रेघा एकाच कागदावर काढ. त्या कुठे वेगळ्या होतात ते बघ. तिथे नमुना नसेल तर तो कोणत्या दिवशी घ्यायला हवा ते तुझ्या सरांना विचार. ते वाक्य तोवर कंसात ठेव. आलेख मोठ्या अक्षरात छापून पाठव, आणि हिवाळा आहे, मोजे घालत जा.

तुझी,
आजी