टेहळ्याचे ऋण

टेबलावर षट्कोनांनी आखलेला कागद, त्यावर बोटाच्या पेराएवढी विमाने, दोन फासे आणि प्रत्येक विमानाचा एकेक तक्ता. तक्त्यावर चिलखताची लहान लहान वर्तुळे. मार बसला की पेन्सिलीने ती खोडायची. ‘बॅटलटेक’ या अमेरिकन युद्धखेळाचे हे सामान. शिकागोच्या एका कंपनीने तो १९८४ साली काढला आणि १९८६ साली त्याला अंतराळयुद्धाची जोड दिली. काळ एकतिसाव्या शतकाच्या आसपासचा. माणूस ताऱ्याताऱ्यांवर पसरलेला आहे. भाऊबंदकी मात्र आपल्या चांगल्या ओळखीची. पाच घराणी एका रिकाम्या सिंहासनासाठी पिढ्यान्‌पिढ्या लढत आहेत.

या जगात ‘चीता’ नावाचे एक लढाऊ विमान आहे. वजन २५ टन. खेळातली सर्वांत जड विमाने १०० टनांची, म्हणजे हे त्यांच्या चौथाईएवढे. चिलखत पातळ, शस्त्रे बेताची. जे काही संरक्षण ते वेगाचे. अशा हलक्या विमानाच्या वाट्याला टेहळणी येते. पुढे जायचे, शत्रू कुठे आहे ते पाहायचे आणि जमल्यास परत यायचे. ‘जमल्यास’ या शब्दापाशी मी अडतो.

पटावरच्या नेहमीच्या डावात दोन्ही बाजू उघड्याच असतात. मग टेहळ्याने पाहायचे काय? खेळणाऱ्याला सगळे दिसतेच आहे. म्हणून तो चीत्याला दुसऱ्याच कामाला लावतो: शत्रूचे गोळे आपल्या अंगावर घेऊन मागच्या जड विमानांना वाट मोकळी करून देण्याच्या. टेहळ्याचे खरे मोल कळते ते पट झाकल्यावर. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइस्विट्झ याने रुजवलेल्या युद्धखेळात मध्ये पंच असे आणि जे सैन्य दिसण्यासारखे नाही ते नकाशावर मांडलेच जात नसे. तिथे एका घोडेस्वाराची बातमी एका पलटणीइतकी मोलाची ठरे. आपल्याला दिसत नाही हे ज्याला मान्य आहे, त्यालाच टेहळ्याची किंमत असते. सर्वज्ञ सेनापतीला तो फक्त स्वस्त पडतो.

हे पुठ्ठ्याचे तुकडे, यात कोण मरते, असे कोणी म्हणेल. बरोबरच आहे. अशा खेळांनी मुले क्रूर होतात हे मला पटत नाही. बुद्धिबळात प्यादी मारून कोणाचा स्वभाव बिघडल्याचे ऐकिवात नाही. पण या कल्पित जगाची एक गोष्ट विचार करायला लावते. तिथे शेकडो वर्षांच्या लढायांत कारखाने आणि यंत्रविद्या दोन्ही नष्ट झाली आहेत. विमान बापाकडून मुलाकडे वारशाने येते. त्यामुळे यंत्र दुर्मीळ आणि माणूस मुबलक. विमान पडले तर हळहळ, वैमानिक गेला तर दुसरा. हा हिशेब एकतिसाव्या शतकापर्यंत थांबून राहिलेला नाही, हे वेगळे सांगायला नको.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांटने १७८५ साली लिहिले. पण टेहळ्या तर साधनच. तो सेनेचा डोळा. सगळी मदार ‘केवळ’ या शब्दावर आहे. तो कधी लागू होतो? मला वाटते, पाठवणाऱ्याचा बेत आधीच पक्का असतो तेव्हा. टेहळ्या जे सांगेल त्याने बेत बदलण्याची तयारी असेल, तर त्याने पत्करलेल्या धोक्यात पाठवणाराही काहीतरी पणाला लावतो. तयारी नसेल, तर पुढे गेलेला माणूस फुकट गेला, मग तो सुखरूप परत का येईना.

१९४४ च्या सप्टेंबरात हॉलंडमधल्या आर्नेमवर छत्रीधारी सैन्य उतरवायचे ठरले होते. गुप्तवार्ता अधिकारी ब्रायन अर्क्हार्ट याने हट्टाने हवाई छायाचित्रे मागवली. ती काढणारी स्पिटफायर विमाने निःशस्त्र असत. तोफा उतरवून त्या जागी जादा इंधन भरलेले. छायाचित्रांत जर्मन रणगाडे दिसले. जनरल ब्राउनिंगने त्यांना महत्त्व दिले नाही आणि अर्क्हार्टला आजारपणाच्या रजेवर धाडण्यात आले. दहा हजारांच्या आसपास सैनिक तिथे उतरले. ऱ्हाइन ओलांडून परतले ते जेमतेम चौथाई. अलीकडे त्यांतले एक छायाचित्र सापडले असून त्यातले रणगाडे जुने, प्रशिक्षण तुकडीचे होते, असे एका इतिहासकाराचे म्हणणे आहे. असेलही. पुरावा तोलून बाजूला ठेवणे हा सेनापतीचा अधिकार आहे. पण पुरावा आणणाऱ्यालाच रजेवर पाठवणे म्हणजे तोलणे नव्हे.

आपल्याकडे पाहणारा म्हटला की संजय आठवतो. व्यासांनी दिलेल्या दृष्टीने त्याने सारे रण पाहिले आणि धृतराष्ट्राला सांगितले. चित्रांत तो राजाच्या पायाशी, युद्धापासून दूर, निवांत बसलेला दिसतो. महाभारतात तसे नाही. अठराव्या दिवशी संजय रणांगणावर सात्यकीच्या हाती जिवंत सापडला. सात्यकीने त्याला मारायला शस्त्र उचलले होते. व्यास आडवे आले म्हणून तो सुटला. मग अंगावर चिलखत नाही, हाती शस्त्र नाही, अशा स्थितीत रक्ताने माखलेला संजय हस्तिनापूरच्या वाटेला लागला, ज्याने इतक्या दिवसांत त्याचे एकही सांगणे मनावर घेतले नव्हते त्या राजाला उरलेली बातमी द्यायला.