परीस नदीत गेल्यावर

पाठ टेकवून बसा. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. एक गोष्ट सावकाश आठवायची आहे. घाईनं आठवली तर तिच्यातला चमत्कार तेवढा हाती लागतो.

हिंगोली जिल्ह्यातलं, कयाधूच्या काठचं नर्सी मनात आणा. परंपरा सांगते, १२७० साली नामदेव इथं जन्मले. पुढं संसार पंढरपुरात. आई गोणाई, बायको राजाई, पोरंबाळं, दासी जनाबाई. धंदा शिंप्याचा आणि घरधन्याचं सगळं लक्ष विठोबाकडे. महिपतींच्या ‘भक्तविजया’त परिसाची कथा आहे. परिसा भागवताच्या घरी परीस होता. त्याच्या बायकोला राजाईचे हाल बघवले नाहीत; तिनं नवऱ्याच्या नकळत परीस तिच्या हाती दिला. राजाईनं लोखंडाचं सोनं केलं, घरात दाणागोटा आणला. नामदेवांना कळलं तसा त्यांनी परीस चंद्रभागेत टाकला. परिसा भांडायला आला, तेव्हा नदीतून ओंजळभर खडे काढून दिले. सगळेच परीस!

इथं थांबा. कीर्तनात या जागी गजर होतो. आपण तो होऊ द्यावा आणि राजाईकडे बघावं. दाण्यांचा डबा बऱ्याच दिवसांनी भरलेला आहे. तिचा हात त्यात आहे. ही बाई लोभी होती का? मला तसं कधीच वाटलं नाही. आणि परीस दुसऱ्याचा होता, हेही विसरू नका. त्या संध्याकाळी राजाईच्या चुलीवर काय शिजलं, हे कथेला महत्त्वाचं वाटत नाही.

श्वास एकदा मोकळा सोडा.

आता लंडन, नाताळची आदली संध्याकाळ. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ १८४३च्या डिसेंबरात आली. तिच्यातला स्क्रूज कारकुनाच्या शेगडीत कोळसासुद्धा मोजून पडू देतो. पण मी अडखळतो ते भाच्यापाशी. फ्रेड उद्याच्या जेवणाचं आवतण घेऊन आलाय आणि हा सख्खा मामा त्याला वाटेला लावतो. लहानपणी सुट्टीतही शाळेत एकट्या पडलेल्या स्क्रूजला घरी न्यायला धाकटी बहीण आली होती. ती पुढं वारली. मागं राहिलं ते हे एकच लेकरू. मामाच्या दाराशी उभा असलेला तो पोर जरा वेळ बघा.

स्क्रूज जन्मतःच असा नव्हता. गरिबीच्या धास्तीनं तो असा होत गेला. लग्न ठरलेली मुलगी ते ओळखून त्याला सोडून जाते. ही धास्ती डिकन्सला घरचीच. १८२४ साली बाप कर्जापायी तुरुंगात पडला आणि बारा वर्षांचं पोर बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला लागलं. हाल पाहिलेला माणूस चार पैसे गाठीला ठेवणारच. राजाईलाही भीती होती, पण आजच्या चुलीची. स्क्रूजची भीती उद्याची, आणि त्या उद्याच्या पंगतीत कुणीच बसलेलं नाही.

आता परत हिंगोली. तिथल्या हळद मार्केट यार्डाला संत नामदेवांचं नाव आहे. परीस फेकणाऱ्याच्या नावाखाली हळकुंडांचे ढीग, बोली, काटा! मला त्यात काही वावगं दिसत नाही. हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणणाऱ्यानं दोन पैसे जास्त मागितले तर त्याला लोभ कोण म्हणेल? मला लोभ दिसतो तो घरी, वाटणीच्या गोष्टी निघाल्यावर. ‘पोरांसाठीच तर करतोय’ म्हणत तो आत येतो. बहिणीला हक्कसोडीच्या सहीला बोलावलं जातं. गाडी पाठवतात, जेवण होतं, साडी नेसवतात. २००५च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत तिला भावाइतका वाटा दिलाय. तो एका सहीत जातो. माहेर तुटू नये म्हणून ती हसून सही करते. त्या हसण्यापाशी थांबा. उत्तर शोधू नका.

आता आपल्या भावाबहिणींची नावं मनात एकेक करून घ्या. थोरल्यापासून सुरू करा, वारलेल्यांनाही वगळू नका. प्रत्येक नावाला आधी काय आठवतं ते बघा. एखाद्या नावाला तोंडावळ्याच्या आधी गट नंबर आठवला, तर पुढचं नाव आज घेऊ नका.