नक्कल निरपराध असते का?

सॅम्युअल कोल्टच्या १८५१च्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्वरच्या फिरत्या नळकांड्यावर एक सागरी लढाई कोरलेली असते. १८४३च्या मे महिन्यात टेक्सस आणि मेक्सिको यांची आरमारं एकमेकांना भिडली, त्याचं ते दृश्य. चित्र वॉटरमन ऑर्म्सबीचं; हा नोटांचे ठसे कोरणारा कारागीर. त्याच्या ठशाचा पोलादी रूळ दाबून ते दृश्य दोन लाखांहून अधिक रिव्हॉल्वरांवर उमटवलं गेलं. म्हणजे संग्राहक आज ज्याला ‘अस्सल’ म्हणतात, त्याच्यावरची नक्षीही छापीलच.

गेली साठ वर्षं इटलीतल्या ब्रेशिया परिसरातले उबेर्ती, पिएत्ता यांच्यासारखे कारखाने या रिव्हॉल्वरांच्या हुबेहूब प्रतिकृती करतात. काहींच्या पोलादावर वेलबुट्टी कोरलेली असते. पण त्या खेळण्यातल्या नव्हेत. प्रत्येक खणात दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागे केप बसवायची, घोडा ओढायचा. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीची ही चुलत बहीणच.

माझ्या आतेभावाकडे अमेरिकेत अशी तीन आहेत. निवृत्तीनंतर तो इकडे मानेसरला, आमच्या शेजारी राहायला यायचं म्हणतो. त्याचा प्रश्न होता, “ताई, ही हत्यारं नव्हेत, कलावस्तू आहेत. तू जन्मभर नकलाच करत आलीस, तूच सांग, नक्कल कधी अपराधी असते का?”

त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. जुनं पिस्तूल कुणाच्या तरी मरणाचं साक्षीदार असू शकतं. याच्या प्रतिकृतींनी पुठ्ठ्याच्या निशाणापलीकडे काही पाहिलेलं नाही. अमेरिकेचा १९६८चा संघीय कायदाही त्याच्याच बाजूचा. १८९८ किंवा त्याआधीच्या बंदुकीची प्रतिकृती आधुनिक काडतुसावर चालत नसेल, तर तो तिला पुराणवस्तूच मानतो. आपला १९५९चा शस्त्र कायदा मात्र वेगळं विचारतो. जुन्या घाटाचं किंवा पुराणमूल्य असलेलं शस्त्र त्यातून सुटतं, पण दुरुस्त करूनही ते बंदूक म्हणून चालणार नसेल तरच. एक कायदा वस्तूची वंशावळ पाहतो, दुसरा तिची कुवत.

मी त्याला सुचवलं, नळी बुजवून घे, नक्षी तर तशीच राहील. तो ताबडतोब म्हणाला, “मग ते खरं कुठे राहिलं?” या उत्तरात त्याचं प्रेम नेमकं कशावर आहे ते कळतं. नुसती नक्षी हवी असती, तर बुजलेल्या नळीने काही बिघडलं नसतं.

अडचण अशी, की माझा धंदा त्याचीच वकिली करतो. मूळ कवितेचा डंख काढून टाकलेलं भाषांतर मी भाषांतर मानत नाही. बंद पडलेलं घड्याळ कितीही देखणं असलं तरी घड्याळजी त्यावर खूश नसतो. नक्कल खरी असेल तर तिच्यात मुळाची ताकद उतरायलाच हवी. पण मग मुळाची जबाबदारीही उतरते. ताकद मुळाची घ्यायची आणि दोष विचारला की ‘मी तर नक्कल’ म्हणायचं, हे भाषांतरकाराला चालत नाही. विखारी मजकूर माझ्या मराठीत विखारी झाला, तर ते शब्द माझेही असतात.

फरक एकच, पण मोठा. पुस्तकाचा डंख वाचणाऱ्याने पान उघडल्याशिवाय लागत नाही, आणि मध्येच ते मिटताही येतं. गोळी समोरच्याला विचारत नाही.

मानेसरला राष्ट्रीय सुरक्षा दलाचा तळ आहे; २६/११ला मुंबईत उतरलेले कमांडो याच दलाचे. त्यांच्या बंदुकांवर वेलबुट्टी नसते. शस्त्र आहे, हे ती बंदूक लपवत नाही. आपण खंडेनवमीला शस्त्रांवर फुलं वाहतो, मी शब्दकोशावर वाहते. त्या फुलांत आदराइतकीच धास्तीही असते. वर्षातून एकदा आपण कबूल करतो, की हे हत्यार आहे. कोरलेली फुलं मात्र बारा महिने तिथेच असतात, आणि हळूहळू खालचं पोलाद दिसेनासं होतं.

म्हणून भावाला माझं उत्तर असं : नक्कल जन्मतः निरपराध असते, पण मुळाइतकीच समर्थ असेल तर मुळाइतकीच उत्तरदायीही असते. तिच्या सौंदर्यावर प्रेम कर, पण तिला कलावस्तू म्हणायचं असेल तर नळी बुजव. नळी उघडी ठेवायची असेल, तर तिला हत्यार म्हण, आणि हत्याराचे कायदे पाळ. दोन्ही नावं एकदम मागू नकोस.