राहिलेलं भेटणं

कोपरखैरणे, 31 डिसेंबर 2020

चि. बाळास,

परवा फोनवर तू म्हणालास, "काका, वर्ष फुकट गेलं, एकदाचं सरू दे." महाप्याची नोकरी गेली, बायकापोरांना घेऊन पाटणला जावं लागलं; तुझा वैताग मला कळतो. पण ह्या वर्षाची पाठवणी इतक्या घाईने करू नकोस. त्याचं आपल्याकडे एक देणं राहिलं आहे.

मार्चमध्ये इटलीतल्या बर्गामो शहरातून शवपेट्या घेऊन निघालेले लष्कराचे ट्रक टीव्हीवर पाहिले, तेव्हा ते फार लांबचं वाटलं होतं. दोन महिन्यांत ते आपल्या गल्लीत आलं. सगळी मुंबई घरात बसली असताना बाजार समितीत माथाडींच्या टोळ्या गाड्या खाली करत होत्या, म्हणून घराघरांत कांदा-बटाटा पोचत होता. कोरोनाचे रुग्ण वाढत गेले आणि मे महिन्यात अख्खा बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात बाराशे खाटा पडल्या. त्याच दिवसांत आपले मुकादम गेले.

नव्या पोराच्या पाठीवर पहिली गोणी देताना स्वतःचा पंचा काढून, घडी करून त्याच्या मानेखाली ठेवणारा माणूस होता तो. बाजार मस्जिद बंदरला होता तेव्हा माझ्या मानेखालीही त्यांनी तो ठेवला. तुझ्या आयटीआयची पहिली फी त्यांनीच भरली, हे तुला ठाऊक आहे. अशा माणसाचा देह प्लास्टिकात गुंडाळून परस्पर स्मशानात गेला. त्यांच्या पत्नीला, वहिनींना, तोंडसुद्धा दिसलं नाही. चाळ सील होती, आम्हाला गल्ली ओलांडता आली नाही. ना खांदा, ना दहाव्या-तेराव्याला चार माणसं.

वहिनी आता मेढ्याजवळ गावी आहेत. तू इकडे परतायच्या आधी त्यांच्याकडे जा. इकडची घाई करू नकोस. लोकल अजून आपल्यासारख्यांना सुरू नाही, रात्री अकरानंतर संचारबंदी आहे, आणि खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे. नोकरीचं आपण मिळून बघू.

तिथे गेल्यावर "देवाची मर्जी" म्हणू नकोस. ते त्यांनी फोनवर पुष्कळ ऐकलं आहे. "ॲडमिट कधी केलं, ऑक्सिजन होता का" असली चौकशीही नको. त्यांच्यासमोर बैस. त्या मुकादमांबद्दल बोलू लागल्या तर मध्ये तोंड घालू नकोस, रडल्या तर रडू दे. आपल्या माणसासाठी चारचौघांत रडायलाही ह्या बाईला ह्या वर्षात मिळालेलं नाही. मग चहा झाला की माथाडी मंडळाचे कागद मागून घे. फंड आणि ग्रॅच्युइटीचे अर्ज त्यांच्याच्याने भरून होत नाहीत, हे मी ओळखून आहे. तू शिकलेला आहेस. अर्ज भर, सह्या कुठे करायच्या ते दाखव, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढून दे. इथला पाठपुरावा मी करतो.

अशी घरं प्रत्येकाच्या ओळखीत दोन-चार तरी झाली आहेत. तुझ्या कंपनीतल्या मित्राचे वडीलही गेले, त्याच्याकडेही अजून कोणी गेलेलं नाही. एकेक करून सगळीकडे जाऊन ये. फोन केला होता, एवढ्यावर भागवू नकोस.

साताऱ्याहून मेढ्याची एसटी मिळेल. मास्क लावून जा आणि आईलाही सोबत ने.

तुझा,
काका